मदत हवी आहे: अमेरिकेतल्या इलिनॉयमधलं सहा फुटी प्रेअरी (गवताळ माळरानाचं) गवत, बिग ब्लूस्टेम की जॉन्सन ग्रास?

माळकरी: घरामागच्या न कापलेल्या पट्ट्यात गवताचे ठोंब आहेत. मेच्या सुरुवातीला जेमतेम वीतभर होते, ऑगस्टअखेर ६ फूट. तुरा जांभळट, बोटांसारखा तीन फाट्यांत फुटलेला. शेजारी म्हणतात जॉन्सन ग्रास आहे, उपटून टाका. ते इथे कायद्याने उपद्रवी तण आहे, म्हणून खात्री हवी. काय तपासू?

कुसळी: उपटू नका! उशिरा फुटणं आणि तीन बोटं, दोन्ही खुणा इथल्या मूळच्या बिग ब्लूस्टेमच्या. जॉन्सन ग्रासचा तुरा मोकळा, फांद्याफांद्यांचा असतो. पान ज्वारीसारखं रुंद, मधली शीर ठळक पांढरी, आणि खणलं की जाड पांढरी आडवी खोडं दूरवर गेलेली दिसतात.

तुरा नसेल तेव्हा इंडियन ग्रास आणि स्विचग्रास या प्रेअरीतल्याच उंच गवतांशी गफलत होते. खोडाच्या मधल्या उंचीवरचं पान हळूच बाहेर वाकवा आणि सांध्यातली जिव्हिका (पान खोडापासून सुटतं तिथला छोटा पडदा किंवा केसांची झालर) १० पटीच्या भिंगातून बघा. आखूड पडदा, कड किंचित फाटकी: बिग ब्लूस्टेम. ताठ पडदा, दोन टोकं वर आलेली, मध्ये खाच: इंडियन ग्रास. केसांची झालर आणि पानाच्या बुडाशी वरच्या बाजूला दाट केसांचा त्रिकोण: स्विचग्रास. खोडावरच्या केसांवर विसंबू नका, बिग ब्लूस्टेममध्ये ते कमीजास्त असतात. शरद ऋतूतला तांबूस रंगही फसवतो, लिटल ब्लूस्टेमही तसंच रंगतं.

पवन्या: हीच शंका टेक्सासमधून आली तर आधी मारवेल आठवावं. आपलं मारवेल तिथे क्लेबर्ग ब्लूस्टेम नावाने पसरलंय आणि स्थानिक गवतांना हटवतंय. तुरा तसाच बोटांचा, पण उंची साधारण मीटरभर आणि पेरांच्या गाठींवर पांढऱ्या केसांचं कडं.

माळकरी: पडदा आखूड, फाटक्या कडेचा. झालर नाही. आडवी खोडंही आखूडच. कापायचं कधी?

कुसळी: मग बिग ब्लूस्टेमच. हिवाळाभर उभं राहू द्या. मार्चअखेर, नवे कोंब येण्याआधी, १५ सेंमी ठेवून कापा आणि कापलेलं उचलून न्या, त्या थराखाली कोवळी रोपं गुदमरतात. खत अजिबात नको. नायट्रोजन मिळाला की ब्रोम, फेस्क्यूसारखी थंडीत वाढणारी परकी गवतं आधी उठून जागा बळकावतात.