मुलाची पहिली दस्तार: कापड किती, पूणी कशी, आणि वर्गात कुणी विचारलं तर?

अबचलनगर_ते_पुणे

वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह.

मुलगा 12 पूर्ण, केस कमरेपर्यंत, आजवर पटकाच (मुलं डोक्याला बांधतात ते छोटं कापड). वैशाखीच्या सुमारास नांदेडला दस्तारबंदी, म्हणजे पहिली पगडी बांधण्याचा विधी, करायचं ठरलं आहे. घरात पगडी बांधणारं मोठं माणूस नाही, त्यामुळे तो व्हिडिओ बघून शिकतोय. मोठ्यांचं साडेपाच मीटरचं फुल वोइल (पगडीचं पातळ सुती कापड) आहे. बांधून दोन तास झाले की पगडी मागे कलते, डाव्या बाजूचे लड़ (पगडीचे एकावर एक दिसणारे थर) सुटतात आणि कपाळावर लाल वळ उठतो. कापड किती घ्यावं आणि चुकतंय काय?

दुसरं म्हणजे, ऑनलाइन वादांत त्याने वाचलं की पतियाळाशाही पद्धतीची पगडी ही फॅशन, खालशाचा खरा बाणा दुमाला पद्धतीची पगडीच. आणि हजूर साहिबची (नांदेडच्या गुरुद्वाऱ्याची) मर्यादाच, म्हणजे उपासनेची रीतच, चुकीची. तेव्हापासून तो गोंधळला आहे. त्यात वर्गात 'म्हणजे तुम्ही हिंदूच ना?' हा प्रश्न येतोच. 12 वर्षांच्या मुलाला पेलेल असं उत्तर हवं आहे.

पेच_दर_पेच

फतेह जी. आधी कापडाचं बघू, कारण निम्मा त्रास तिथूनच आहे.

या वयाच्या डोक्याला साडेपाच मीटर फार होतं. एक मीटर पन्ह्याचं फुल वोइल 4 मीटर घ्या, उंच असेल तर साडेचार. फिफ्टीसकट (पगडीखाली कपाळावर बांधायची पट्टी) डोक्याभोवतीचा एक वेढा साधारण 60 ते 65 सेंटिमीटर घेतो. दातात धरायचं टोक आणि शेवटी माथा झाकायचा भाग वजा केला की चारेक वेढे उरतात, म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार लड़. शिकणाऱ्याला तेवढे पुष्कळ. रुबिया जरा जाड आणि घट्ट विणीचा, लड़ छान उभे राहतात, पण उन्हाळ्यात तापतो. मलमल हलकी असली तरी नवख्या हाताला तिची घडी धरत नाही. सहा मीटरचे दोन तुकडे करून मधे शिवलेली डबल पट्टी नोकदार पगडीसाठी असते. ती इतक्यात नको.

नवं कापड आधी दोनदा साध्या पाण्यातून काढा. कारखान्याची खळ राहिली तर लड़ एकमेकांवरून घसरतात. गडद निळा, मरून आणि काळा रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत उतरतो, तोवर वेगळं धुवा. पिळू नका, सावलीत वाळवा. सुगंधी फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, कापड बुळबुळीत होतं.

आता पूणी, म्हणजे बांधण्याआधी कापड ताणून लांब घड्या घालणं. लड़ सुटतात ते बहुतेक वेळा पूणी ढिली असते म्हणून. कापडावर पाण्याचा हलका शिपका मारा, ओलं करू नका. दोघांनी समोरासमोरचे तिरके कोपरे धरून ताणायचं, मग दुसरी जोडी. कापड तिरकं ताणलं की लवचीक होतं आणि डोक्याच्या गोलाईवर बसतं. ही पायरी गाळली तर पुढे काहीही करा, सुरकुत्या येणारच. नंतर लांबीत तीन घड्या: मीटरचं 50, मग 25, मग साडेबारा सेंटिमीटर. प्रत्येक घडीला दोन्ही टोकांकडून ताण हवा आणि मधल्या भागावरून तळहात फिरवायचा. बंद कड खाली राहील असं धरा, कारण बांधल्यावर प्रत्येक लड़ाची खालची कडच दिसते. दुसरं माणूस नसेल तर एक टोक खिडकीच्या गजाला अडकवा.

बांधताना सुरुवातीचं टोक दातात, वीतभर. पहिला वेढा कानाच्या वरच्या टोकाला टेकून कपाळावरून तिरका समोरच्या बाजूला चढवायचा, मागून खाली उतरवून दुसऱ्या कानावरून पुन्हा वर. पुढचा प्रत्येक लड़ आधीच्यापेक्षा अर्धं बोट वर. कपाळाच्या मधोमध दोन्हीकडचे लड़ छेदतात आणि खाली फिफ्टीचा छोटा त्रिकोण दिसतो. तो नाकाच्या रेषेत आला नाही, तर पगडी पहिल्याच वेढ्यात वाकडी गेली असं समजा. पुढचे वेढे ती सरळ करत नाहीत. उलगडा आणि पुन्हा सुरू करा.

डावी बाजूच सुटते याचं कारण बहुधा उजवा हात जोरात ओढतो आणि डावा नुसता सोबत जातो. डाव्या बाजूला लड़ बसवताना उजव्या हाताचा पंजा मागच्या बाजूला दाबून ठेवायला सांगा, मगच डाव्याने ताण द्यायचा. शेवटच्या वेढ्याचं टोक मागे खोचायचं. मग दातातलं टोक वर घेऊन पसरून माथा झाकायचा आणि त्याचीही कड मागे आत. सलाई (बारीक सळी) अगदी शेवटी. सलाईने कडा सारख्या करायच्या असतात. ढिला लड़ सलाईने आत कोंबला की तासाभरात बाहेर येतो.

सुरुवातीला अर्धा तास लागतो, आणि तो शाळेच्या सकाळी काढू नका. रात्री बांधून, उलगडून, पूणी करून ठेवा.

कौर_मनमाड

वरच्या सगळ्याशी सहमत, पण मागे कलण्याचं कारण पगडीच्या आत आहे. जूडा.

कमरेपर्यंतच्या केसांचा जूडा (माथ्यावरची गाठ) वजनदार होतो. पटक्यात तो थोडा मागे असला तरी चालतो, दस्तारीत नाही. मान सरळ ठेवून दोन्ही कानांच्या वरच्या टोकांपासून बोटं वर न्या. ती माथ्यावर जिथे भेटतात त्याच्या दीड-दोन बोटं पुढे जूड्याचा मध्य यायला हवा. त्याहून मागे गेला की सगळं वजन मागे ओढतं. फार पुढे आला तर समोर टेंगूळ दिसतं आणि कपाळावर दाब येतो. केस घट्ट पिळून पसरट, चपटा जूडा बांधा. उंच टोकदार नको. वरून छोटी केसकी (आतली लहान पगडी) दोन वेढे घालून बांधली की दिवसभर हलत नाही. कंगा जूड्याच्या मागच्या अंगाला आडवा खोचा, वर उभा ठेवला तर टोचतो.

कपाळावरचा वळ पगडीचा नसून फिफ्टीचा असण्याची शक्यता जास्त. फिफ्टीची पट्टी चार बोटं रुंद आणि सपाट असावी. दोरीसारखी गुंडाळली की वळ उठतोच. आरशासमोर भुवया ताणल्या जात असतील तर ती घट्ट झाली. पट्टीखाली एक बोट सरकलं पाहिजे.

याकडे लाडाने दुर्लक्ष करू नका. पुढचे केस रोज त्याच जागी ओढले गेले की कपाळाची केशरेषा मागे सरकते. त्वचारोगतज्ज्ञ त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. वेळीच ओढ कमी केली तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालू राहिली तर नाही. जूडा बांधताना कपाळाजवळचे केस थोडे सैल सोडा आणि रात्री जूडा उलगडून सैल वेणी किंवा हलकी केसकी ठेवा.

आणि ओल्या केसांवर दस्तार नको. मुलं रविवारी संध्याकाळी न्हातात आणि सोमवारी सकाळी आतून दमट केसांवरच बांधून निघतात. मग वास, खाज, कोंडा. इतके लांब केस पुण्याच्या पावसाळ्यात पुरते वाळायला पाच-सहा तासही लागतात. शनिवारी सकाळी न्हाणं उत्तम. कंगा टोकांकडून मुळांकडे, लाकडी, दिवसातून दोनदा. रहतनाम्यांत (शिखांच्या आचारनियमांच्या जुन्या पोथ्यांत) हा दंडक आहेच, आणि पगडी टोपीसारखी न उचलता पेच पेच करून उतरवण्याचीही जुनी शिस्त आहे. ती पहिल्या दिवसापासून लावा. उलगडलेलं कापड जमिनीवर पडू द्यायचं नाही.

गोदाकाठ

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण या वादाने बरीच मुलं हकनाक दुखावली जातात.

सिख रहत मर्यादा, म्हणजे शिखांची आचारसंहिता, जी 1930 च्या दशकात तयार झाली आणि 1945 मध्ये जिच्यात सुधारणा झाली, तिच्यात वेशाबद्दल इतकंच आहे की शिखाला कछेहरा (विशिष्ट शिवणीची चड्डी) आणि दस्तार हवी, बाकी पेहरावाचं बंधन नाही. स्त्रीने दस्तार बांधावी किंवा न बांधावी. पगडीचा आकार, रंग, लड़ांची संख्या यांबद्दल काहीही नाही. दुमाला ही निहंगांची, म्हणजे शस्त्रधारी शिखांची, शस्त्रं आणि चक्र धारण करण्यासाठी घडलेली पद्धत. नामधारी पंथाचे शीख पांढरी, सरळ आडव्या पेचांची बांधतात. पतियाळाशाही त्या संस्थानाच्या दरबारातून पसरली. अखंड कीर्तनी जत्था हा गट केसकीलाच ककार (अंगावर बाळगायच्या पाच चिन्हांपैकी एक) मानतो आणि म्हणून त्यांच्या स्त्रियाही बांधतात. हे सगळे शीखच. 'तुझी पगडी खरी नाही' असं मुलाला सांगणाऱ्याला मर्यादेतलं कलम दाखवायला सांगा, ते त्याला सापडणार नाही. मुलाला दुमाला आवडत असेल तर जरूर शिकू दे, पण त्याला दोन कापडं लागतात, एक आतलं आणि एक वरचं, आणि कापडही बरंच जास्त. म्हणून साध्या पगडीवर हात बसल्यावर.

हजूर साहिबबद्दल. फरक आहेत आणि ते लपवण्यासारखे नाहीत. नांदेडला गुरू ग्रंथ साहिबांसोबत दसम ग्रंथाचाही (दहाव्या गुरूंच्या नावाचा ग्रंथ) प्रकाश होतो, म्हणजे तो उघडून मांडला जातो, संध्याकाळी दिव्यांची आरती होते, गुरूंच्या शस्त्रांचं दर्शन घडवलं जातं, आणि तख्ताच्या (तिथल्या धर्मपीठाच्या) स्नानासाठी रोज गोदावरीतून गागर भरून आणली जाते. रहत मर्यादा दिवे लावून आरती मान्य करत नाही आणि गुरू ग्रंथ साहिबांच्या बरोबरीने दुसऱ्या ग्रंथाचा प्रकाश करत नाही. वाद इथून सुरू होतो. पण नांदेडच्या प्रथा त्या लिखित मर्यादेच्या आधीपासूनच्या आहेत आणि तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब पाच तख्तांपैकी एक आहे. 1708 मध्ये दशमपातशाह गुरू गोबिंदसिंगांनी याच गोदाकाठी गुरू ग्रंथ साहिबांना गुरगद्दी सोपवली. आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 दरम्यान बांधवली. ज्या जागी देहधारी गुरूंची परंपरा शब्दगुरूत विलीन झाली, तिथे पहिली दस्तार बांधली जाते आहे. मुलाला आधी हे कळू दे, मग मर्यादांतले फरक. दोन्ही कळायला हवेत, पण या क्रमाने.

आता 'हिंदूच ना'. मुलाने भांडू नये आणि गप्पही बसू नये. 'आम्ही शीख. आमचे दहा गुरू आणि अकरावा ग्रंथ' इतकं वर्गात पुरतं. मोठ्यांनी संविधानाच्या कलम 25 चं स्पष्टीकरण 2 पुढे केलं, तर त्यांना ते नीट वाचायला सांगा: तिथे शीख, जैन, बौद्ध यांचा समावेश फक्त हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याच्या उपकलमापुरता केला आहे. त्याच कलमाचं स्पष्टीकरण 1 किरपाण धारण करणं शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानतं. विवाहासाठी 1909 चा आनंद कायदा आहे, नोंदणीची तरतूद 2012 च्या दुरुस्तीने आली. 1993 पासून केंद्राच्या अधिसूचनेत शीख अल्पसंख्याक समाज म्हणून आहेत.

आणि महाराष्ट्रातल्या शीख मुलाकडे एक गोष्ट आहे जी लुधियान्याच्या मुलाकडेही तशी नाही. वर्गातली मुलं ज्या नामदेवांचे अभंग पाठ करतात, त्यांचे 61 शबद गुरू ग्रंथ साहिबांत आहेत, आणि त्यांच्यापुढे तो माथा टेकतो. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. 2015 मध्ये 88 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं. यातून 'म्हणून आपण एकच' किंवा 'म्हणून नामदेव आमचेच' असली ओढाताण करायची गरज नाही. मुलाने अभिमानाने सांगावं असं यात खूप आहे.

अबचलनगर_ते_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. 4 मीटरचं आज घेतो. जूडा मागेच होता, मोजून पाहिला. एक राहिलं: पुढे त्याने अमृत घेतलं, म्हणजे खालशाची दीक्षा घेतली, तर किरपाणीचं शाळेत, परीक्षेला, विमानात काय? आणि दुचाकीवर मागे बसताना हेल्मेट?

ककार_आणि_कायदा

हेल्मेट: मोटार वाहन कायदा 1988, कलम 129. सवलत 'पगडी परिधान केलेल्या शीख व्यक्तीला' आहे, मागे बसणाऱ्यालाही. पटक्याला ही सवलत धरून चालू नका. सायकल, स्केटिंग, क्रिकेटला पटका आणि वर हेल्मेट हेच योग्य. त्यात कमीपणा नाही. फुटबॉलमध्ये फिफाने 2014 पासून डोकं झाकायला परवानगी दिली आहे.

विमान: देशांतर्गत प्रवासात पातं 6 इंचांपर्यंत आणि एकूण लांबी 9 इंचांपर्यंत असलेली किरपाण चालते, 2022 च्या आदेशानुसार. म्यानासकट मोजून घ्या, विमानतळावर वाद नको. परदेशच्या विमानात हाताशी नाही, चेक-इन सामानात.

परीक्षा: नीटसारख्या परीक्षांच्या सूचनांत धार्मिक पेहराव असलेल्यांनी तपासणीसाठी लवकर हजर राहावं असं असतं. दरवर्षीच्या माहितीपत्रकातलं ते पान छापून जवळ ठेवा. कडं काढायला सांगितलं तर आवाज न चढवता केंद्रप्रमुखांना ते पान दाखवा. मुलाऐवजी पालकांनी बोलावं, त्याचं लक्ष पेपरात राहू दे.

शाळा: तोंडी बोलू नका. अमृतपानाच्या आधीच मुख्याध्यापकांना पत्र द्या: किरपाण लहान आहे, म्यानात शिवून बंद केली आहे, गणवेशाच्या आत राहील, ती कुणाला दाखवली जाणार नाही. हा तोडगा पक्का आहे. 2006 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थ्याला याच प्रकारच्या अटींवर किरपाण नेऊ दिली. भारतात तो निकाल बंधनकारक नाही, पण शाळेची भीती सुरक्षिततेची असते आणि या अटी तिलाच उत्तर देतात. कलम 25 पत्रात असू द्या, शेवटच्या ओळीत. पहिल्याच ओळीत कायदा आला की समोरचा माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो.

पगडीला कुठलीच शाळा हरकत घेऊ नये. घेतलीच तर लेखी मागा. ब्रिटनमध्ये अशाच हरकतीवरून 1983 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने शीख विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला होता. रंगाचा आग्रह धरला, तर गणवेशाशी जुळणारा रंग मान्य करायला हरकत नाही.

पेच_दर_पेच

दस्तारबंदीच्या दिवसाचं थोडं. तारखेबद्दल गुरुद्वाऱ्यात आधी बोलून ठेवा, वैशाखीला संगत प्रचंड असते. अरदास (प्रार्थना) झाल्यावर गुरू ग्रंथ साहिबांच्या हजुरीत ग्रंथी किंवा ज्येष्ठ नातलग बांधतात आणि संगत जयकारा देते. जूडा, केसकी आणि फिफ्टी घरूनच तयार करून न्या. पूणी तिथे ऐनवेळी करायला जागा मिळत नाही. आदल्या रात्री करून, सैल गुंडाळून, सुती पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये दमटपणाने मऊ पडते. नवंकोरं कापड त्या दिवशी पहिल्यांदा बांधू नका, आधी चार-पाच वेळा बांधून झालेलं असावं. शिवलेली तयार पगडी या प्रसंगाला नको.

त्याच कापडाचा जोडही आत्ताच घ्या, दोन्ही 4 मीटर आणि एकाच ताग्यातले. नंतर रंगाची छटा जुळत नाही.