मदत हवी आहे: कीतोमधला पहिला दिवस, सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन इक्वेडोरची राजधानी कीतोला जातेय. दोघंही सत्तरीच्या आसपास, बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. शहर सुमारे २८५० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही बाराशे मीटर वर! डॉक्टरांचा सल्ला घेतलाच आहे, पण तिथे प्रत्यक्ष चाललेल्यांकडून ऐकायचंय.

पहिला दिवस जुन्या शहरातच घालवावा असं मला वाटतं. १९७८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत आलेला हा भाग. प्लासा ग्रांदेच्या चौकात निवांत बसायचं, मग जवळच्या ला कोंपान्यिया चर्चमधलं सोन्याच्या वर्खाचं काम बघायचं. बाबांना मात्र बॅसिलिका या मोठ्या चर्चचे मनोरे चढायचेत, कारण तिथे भिंतींवर इग्वाना, कासवं असे तिथलेच प्राणी कोरलेत. पहिल्याच दिवशी त्या जिन्यांना हो म्हणू का? पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावर जाणारी केबल कार तर जवळपास ४००० मीटरपर्यंत नेते, ती मी शेवटच्या दिवसावर ढकललीय. बरोबर ना?

जुन्या शहरातले चढ ज्येष्ठांना झेपतात का, की थोड्या अंतरालाही टॅक्सीच बरी?

आई शुद्ध शाकाहारी. लोक्रो दे पापा हे बटाटा-चीजचं सूप तिला चालेल, पण ते कोंबडीच्या पाण्यात करतात का? स्पॅनिशमध्ये नेमकं काय विचारायचं, तेही सांगा.

तिथे डॉलरच चालतो, तर सुट्टे किती न्यावेत?