मदत हवी आहे: १२० मीटर वायरमध्ये ३२ व्होल्ट कुठे जातात?

मंडळी, पंचगंगेकाठच्या उसाच्या मळ्यात दीड एचपी सिंगल फेज मोटर आहे. मोटर चालू असताना मीटरपाशी २२८ व्होल्ट, स्टार्टरपाशी १९६. क्लॅम्प मीटरवर ९ अँपिअर. म्हणजे वाटेत ३२ भागिले ९, साडेतीन ओहम!

वायर २.५ स्क्वेअर एमएम, तांब्याची म्हणून घेतलेली. जाऊन-येऊन २४० मीटरचे १.८ ओहमच व्हायला हवेत. उरलेले १.७ एकाच जॉइंटमध्ये असते, तर तिथे सुमारे १४० वॅट उष्णता होऊन टेप वितळली असती. जॉइंट तर थंडगार आहेत. मग वायर आतून ॲल्युमिनियमची, की जाडीच कमी? मेन बंद करून टोक खरवडलं तर कळेल का?

सुरू होताना मोटर नुसती घुमते. तेव्हा वायर बदलायचीच तर ४ स्क्वेअर एमएमची घ्यावी की थेट ६ची?