सल्ला हवा: मारिनची 'वूलवर्थ बिल्डिंग' कुठून घ्यावी?

रानजाई: न्यू जर्सीत एडिसनला घर घेतलंय. हॉलसाठी अमेरिकन चित्रकार जॉन मारिनचं १९१३चं एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने रेघा कोरून छापलेलं चित्र) 'वूलवर्थ बिल्डिंग (द डान्स)' मनात भरलंय. न्यूयॉर्कची ही गगनचुंबी इमारत सगळी डोलतेय असं वाटतं त्यात. अर्थात प्रतिकृतीच हवी. बजेट फ्रेमसकट ८० डॉलर, उंची साधारण ३ फूट. कुणी घेतलंय का?

खडूस_पेठकर: ८० डॉलरमध्ये नुसती फ्रेमसुद्धा येत नाही. मी लिलावात मूळ एचिंग घेतलं, पेन्सिलीतल्या सहीचं. किंमत सांगितली तर झोप उडेल. एकदाच घ्या, अस्सल घ्या.

जर्सीचा_जावई: मारिन आपल्याच न्यू जर्सीचा हो, जन्म रदरफोर्डचा! आधी आर्किटेक्ट होता, म्हणून इमारत कितीही वाकवली तरी पडेलशी वाटत नाही.

टिंबटिंब: त्यापेक्षा क्रायसलर बिल्डिंगचं चित्र घ्या. तेव्हाची सगळ्यात उंच तीच.

जर्सीचा_जावई: १९१३ साली कुठली क्रायसलर? ती १९३०ची. तोवर ७९२ फुटांची वूलवर्थच जगात उंच होती.

टिंबटिंब: आणि आयफेल?

जर्सीचा_जावई: तो मनोरा. इमारत नव्हे.

शाईवाली: मूळ प्रश्नाकडे वळू या का? मी प्रिंटमेकिंग शिकलेय. ३ फुटी करू नका. मूळ प्लेट जेमतेम १३ इंच उंच आहे. ताणली की बारीक रेघांचे दोरखंड होतात. न्यूयॉर्कचं मेट म्युझियम, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट यांच्या साइटवर कॉपीराइट संपलेल्या चित्रांच्या मोठ्या फाइली फुकट मिळतात, तिथे मारिन शोधा. मूळ आकारात मॅट कागदावर छापून घ्या, भोवती रुंद माउंट (पुठ्ठ्याची चौकट) द्या, अ‍ॅसिड-फ्रीच. आणि कुणी 'अस्सल एचिंग' म्हणून गळ्यात मारत असेल तर भिंग लावा. रंगाचे ठिपके दिसले तर ती ऑफसेटची, म्हणजे छापखान्यातल्या यंत्रावरची छपाई. खऱ्या एचिंगच्या कागदावर प्लेट दाबल्याची कडही उमटलेली असते.

मंजूताई: कॅनव्हास अजिबात नको. आमचं खिडकीसमोर होतं, पार फिकं पडलं. विकणारा आता फोन उचलत नाही.

कोकणी_मेवा: फुकट फाइल मिळते म्हणे, तीच छापून घ्या.

शाईवाली: हेच लिहिलंय वर.

खडूस_पेठकर: प्रतिकृती ती प्रतिकृतीच.

रानजाई: सगळ्यांचे आभार. कॅनव्हासवर, ३ फुटी, ऑर्डर केलंय. शाईवाली, रागावू नका, पण सोफ्यावरून १३ इंचात इमारत आहे की झाड तेही कळेना. ८०चे १४० झाले.

खडूस_पेठकर: मग विचारलंत कशाला?

मंजूताई: खिडकी कुठल्या दिशेला आहे?