लिफ्ट, लाडकी बहीण आणि नऊ लाख कोटी

मंगळवार, ११ मार्च २०२५

शिंदे (सेक्रेटरी): सर्व सभासदांस कळवण्यात येते की रविवारी सकाळी १०.३० वा. गच्चीवर विशेष सर्वसाधारण सभा आहे. विषय एकच, बी विंगची लिफ्ट. कोटेशन १४ लाखांच्या आसपास आलं आहे. कृपया याच विषयावर बोलावे.

जोशी काका (बी-१०४): महाराष्ट्रावर ९ लाख ३२ हजार कोटींचं कर्ज!! जन्माला येणारं प्रत्येक बाळ ७० हजारांहून जास्त देणं घेऊन येतं!! बहिणींना वाटा आणि राज्य विका!! दहा ग्रुपवर पाठवा 🙏🙏

शिंदे (सेक्रेटरी): काका, लिफ्ट.

जोशी काका: लिफ्टचं होईल हो. मी पहिल्या मजल्यावर राहतो.

रोहन (ए-६०२): काकांचं बरोबर आहे. पगारातून टीडीएस, हॉटेलात गेलो तर जीएसटी, पेट्रोलवर वेगळाच कर. आणि १५०० रुपये जातात कोणाच्या खात्यात?

सुनीता वहिनी (डी-३०३): आमच्या मावशींच्या. चार घरची भांडी करतात. त्यातलं एक घर तुझं.

रोहन: वहिनी, मी त्यांच्याबद्दल नाही बोललो. सिस्टिमबद्दल बोललो.

सुनीता वहिनी: सिस्टिम सकाळी सातला येते तुझ्याकडे. आणि कर फक्त तूच भरतोस असं वाटत असेल तर सांगते, त्या साबण घेतात, मुलीचा मोबाइल रिचार्ज करतात, चपला घेतात. सगळ्यावर जीएसटी आहे. दुकानदार त्यांना पगाराची स्लिप विचारत नाही.

प्राची (सी-२०१): आकड्यांचं मी सांगते, रोज हेच दळण दळते ऑफिसात. ९.३२ लाख कोटी हा आकडा खरा आहे, काल विधानसभेत मांडलेल्या अर्थसंकल्पातलाच. फक्त तो मार्च २०२६ अखेरचा अंदाज आहे, आत्ता ८.३९ लाख कोटींच्या घरात आहोत. राज्याचं स्थूल उत्पन्न ४९.३९ लाख कोटी धरलंय, म्हणजे कर्ज त्याच्या १९ टक्क्यांच्या आत बसतं. काका, दहा लाख कमावणाऱ्या घरावर एक लाख नव्वद हजारांचं कर्ज, असं समजा.

रोहन: हे चुकीचं आहे प्राची. स्थूल उत्पन्न म्हणजे सरकारची कमाई नव्हे. त्यात माझा पगार धरलाय, काकांचं पेन्शन धरलंय, समोरच्या वडापाववाल्याचा गल्लाही धरलाय. सरकारच्या हातात येतात किती ते बोल.

प्राची: हरकत मान्य. महसूल ५ लाख ६१ हजार कोटी. म्हणजे दीड वर्षाच्या कमाईपेक्षा थोडं जास्त कर्ज. तरी काका, होम लोन घेतलंत तेव्हा वर्षाच्या पगाराच्या किती पट घेतलं होतं?

जोशी काका: चौपट. पण मी घर घेतलं होतं. पैसे वाटले नव्हते.

प्राची: तेच. काका, तुम्ही नकळत मुद्द्यावर आलात 😄

फर्नांडिस अंकल (ए-२०३): मी बाजारात निघालोय. एका शब्दात सांगा, घाबरायचं की नाही? आपली श्रीलंका होणार का?

प्राची: नाही अंकल. श्रीलंका २०२२ मध्ये बुडाली ती डॉलरच्या कर्जात, आणि डॉलर छापता येत नाहीत. राज्यांना तर थेट परदेशात कर्ज काढताच येत नाही. देशात काढायचं तरी केंद्राची जुनी बाकी असेल तर केंद्राला विचारावं लागतं, घटनेच्या २९३ व्या कलमात आहे. मेट्रो तीनसाठी जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं कर्ज आहे, तेही केंद्रामार्फत. कर्जाच्या आकड्याने माझी झोप उडत नाही. ४५,८९१ कोटी या आकड्याने उडते.

फर्नांडिस अंकल: एक शब्द म्हटलं होतं मी. पापलेट संपेल.

शिंदे (सेक्रेटरी): हा आकडा कसला?

प्राची: महसुली तुटीचा. आपल्या सोसायटीचंच घ्या. लिफ्टसाठी कर्ज काढलं तर वीस वर्षं लिफ्ट चालेल, हप्ते फिटतील, पुढचे रहिवासीही वापरतील. पण वॉचमनचा पगार, जिन्यातले दिवे, टँकर यांच्यासाठी दर महिन्याला कर्ज काढायला लागलो तर? पुढच्या महिन्यात वॉचमन पुन्हा पगार मागणारच. राज्यात असा रोजच्या गरजांचा खर्च वर्षाला ६ लाख ७ हजार कोटी आणि महसूल ५ लाख ६१ हजार. मधलं अंतर उसन्यावर. एकूण उसनवारी, म्हणजे राजकोषीय तूट, १ लाख ३६ हजार कोटी. त्यातला तिसरा हिस्सा असा रोजच्या खर्चात जिरतो. त्यातून ना पूल होतो ना धरण.

पाटील मॅडम (खजिनदार): विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. मागच्या उन्हाळ्यात टँकर आणि सिक्युरिटीचं बिल भागेना म्हणून सिंकिंग फंडाची, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखलेल्या पैशांची, एक एफडी मोडली. २ लाख १० हजार. परत भरायचे होते. अजून भरलेले नाहीत.

शिंदे (सेक्रेटरी): मॅडम, हे सभेत बोललो असतो.

पाटील मॅडम: तीन सभांमध्ये मेंटेनन्स ४०० रुपयांनी वाढवायचा विषय ठेवला. तिन्ही वेळा त्या विषयाला माणसं चहा प्यायला खाली गेली. कोरम राहिला नाही.

रोहन: मी पहिल्या सभेला होतो.

पाटील मॅडम: होतास. विरोधात बोललास.

प्राची: मंत्रालयातही हेच चालतं. वाटायची घोषणा सभागृहात बाकं वाजवून होते, कर वाढवायचा म्हटलं की सगळे चहाला. लाडक्या बहिणीसाठी वर्षाला ३६ हजार कोटी ठेवलेत. ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण त्यासाठी नवा कर कुठला लावला, की जुना खर्च कुठला कापला, हे सांगा ना.

सुनीता वहिनी: आणि निवडणुकीत कबूल केलेले २१०० कुठे गेले, तेही सांगा. मागच्या वर्षी ४६ हजार कोटी म्हणाले होते, आता ३६. बहीण लाडकी होती मतदानापर्यंत.

देशपांडे सर (डी-१०१): जरा लांबड लावतो, माफ करा. रोहन, तुझ्या पगाराच्या स्लिपवर पी.टी. म्हणून २०० रुपये कापलेले दिसतात ना, फेब्रुवारीत ३००? हा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याचा. रोजगार हमी योजनेच्या पैशासाठी आणला होता. कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९७२ च्या दुष्काळात मी शाळेत नवा शिक्षक होतो. वर्गात दहा-बारा पोरं उरली होती, बाकीची आईबापांबरोबर खडी फोडायला गेलेली. नंतर कर लागला तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीतही अशीच कुरकुर झाली, आम्ही का भरायचे म्हणून. मीही कुरकुरलो. पण सरकारने तोंडावर सांगितलं होतं, की गावातल्या मजुराला काम द्यायचंय, शहरातल्या पगारदाराने भार उचलावा. पुढे ती कल्पना सगळ्या देशाने घेतली.

रोहन: सर, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं कंपनी काहीतरी कापते.

सुनीता वहिनी: आणि १ फेब्रुवारीला बारा लाखांपर्यंत आयकर नाही म्हटल्यावर पेढ्यांचा फोटो कोणी टाकला होता? केंद्राने तिथे एक लाख कोटींवर पाणी सोडलं. तुला मिळालं ती सवलत, मावशींना मिळाली ती रेवडी.

रोहन: वहिनी, ते सगळ्या देशाचं, हे एका राज्याचं. आणि माझेच पैसे माझ्याकडे राहू दिले, दुसऱ्याचे काढून नाही दिले. फरक आहे.

प्राची: फरक आहे. पण तिजोरीला भोक दोन्हीकडून सारखंच पडतं.

जोशी काका: बरं, हे व्याज किती जातं, आणि जातं कोणाला? परदेशी बँकांनाच ना?

प्राची: राज्याचं व्याज येत्या वर्षात ६४,६५९ कोटी. लाडक्या बहिणीच्या पावणेदोन पटींहून जास्त, आणि त्यावर फॉरवर्ड कोणी पाठवत नाही. जातं कोणाला? राज्याचे रोखे, म्हणजे कर्जाचे कागद, रिझर्व्ह बँक लिलावाने विकते. घेतात बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी. रोहन, तुझ्या पीएफमध्येही बरेचसे सरकारी रोखेच भरलेत. आणि काका, तुमचे पैसे कुठे आहेत?

जोशी काका: पोस्टात. ज्येष्ठ नागरिक योजना. आमचा शेअरबिअरवर विश्वास नाही.

प्राची: पोस्टातली बचत केंद्र सरकार वापरतं. केंद्राच्या खर्चाच्या रुपयातले २० पैसे व्याजात जातात, संरक्षणावर जातात ८. त्या २० पैशांतला एक बारीक तुकडा दर तिमाहीला तुमच्या पासबुकात पडतो.

जोशी काका: म्हणजे मी कर्जबाजारी नाही? मी सावकार आहे?

देशपांडे सर: दोन्ही, जोशी. आपण सगळेच.

फर्नांडिस अंकल: पापलेट संपलं. बांगडा आणला. इथे काय ठरलं?

शिंदे (सेक्रेटरी): काही ठरलेलं नाही. दुपारपासून लिफ्ट चौथ्या मजल्यावर बंद आहे, बी विंगने जिना वापरावा.

पाटील मॅडम: रविवारच्या नोटिशीत दुसरा विषय वाढवते. सिंकिंग फंडातून काढलेले २ लाख १० हजार वर्षभरात परत भरणे आणि त्यासाठी दरमहा मेंटेनन्स ४०० रुपये वाढवणे. सूचक पाहिजे.

प्राची: मी सूचक.

पाटील मॅडम: अनुमोदक?

पाटील मॅडम: अनुमोदक? २३ जणांनी मेसेज वाचलाय, इथे दिसतंय.

रोहन: ४०० चे ३०० होतील का?

सुनीता वहिनी: 😂😂

रोहन: बरं, बरं. मी अनुमोदक. पण सभेत चहा सगळा विषय संपल्यावर द्या.

जोशी काका: प्राची, ते पोस्टाचं ८.२ टक्के आहे ना, सरकारने खर्च आवरायला घेतला तर ते कमी करतील का गं?

प्राची: नव्या ठेवींना करू शकतात काका. तुम्ही ज्या दराने भरलेत तो पाच वर्षं तसाच राहतो.

जोशी काका: मग ठीक आहे.