मदत हवी आहे : मॉडेलमध्ये सूर्य सकाळी सातलाच डोक्यावर!

मंडळी, जुन्नरकडच्या आमच्या वाडीला सोलर पॅनेल आणि बॅटरी किती लागेल, हे पायप्सात (वीजयंत्रणेचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) बसवतोय. सॉल्व्हर (मॉडेलचं गणित सोडवणारा प्रोग्रॅम) हायज, वर्षाचे ८७६० तास. उन्हाचा डेटा पीव्हीजीआयएस या युरोपीय आयोगाच्या साइटवरून घेतला. आलेख काढला तर ऊन सकाळी सातला शिगेला आणि दुपारी दीडला अंधार! दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, डेटा यूटीसीत (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) आणि पंपांच्या लोडच्या (वीजवापराच्या) नोंदी आपल्या घड्याळाच्या.

पाच तास सरकवणं सोपं, पण वरच्या अर्ध्या तासाचं काय करू? शेजारच्या दोन तासांची सरासरी घेतली तर दुपारचा शेंडा थोडा बोथट होतोय. की लोडच अर्ध्या तासाच्या टप्प्यात मांडून यूटीसीत न्यावा? मग टप्पे १७५२० होतात आणि माझा लॅपटॉप आधीच म्हातारा. कुणी हे केलंय का?