मदत हवी आहे : एकाच मांडवात दोन लग्नं ठरतायत, एक माझं आणि एक सतरा वर्षांच्या बहिणीचं

नमस्कार. इथे वाचतो बऱ्याच वर्षांपासून, लिहितोय पहिल्यांदाच. आयडी मुद्दाम नवा घेतलाय, गावातल्या कुणी ओळखू नये म्हणून. पोस्ट लांब आहे, माफ करा.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातला. माणिकगडच्या डोंगरावरचा, तेलंगणाच्या हद्दीजवळचा. बाहत्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातली बरीच कुटुंबं इकडे आली आणि इथेच राहिली. माझे आजोबा त्यातलेच, नांदेडकडचे. पन्नास वर्षं जमीन कसतोय, पण सातबारा नाही. कागदावर जमीन वनखात्याची. सातबारा नाही म्हणून बँकेचं पीककर्ज नाही, म्हणून बी-खत कृषी केंद्रातून उधारीवर आणि वरचा पैसा सावकाराकडून दीडीनं, म्हणजे घेतल्याच्या दीडपट परत. हे पुढे लागणार आहे म्हणून आधीच सांगितलं.

गेल्या सप्टेंबरात बाबा वीज पडून गेले. कपाशीत काम चालू होतं, आभाळ आलं तशा बायका घराकडे निघाल्या, बाबा बैल सोडायला मागे राहिले. बैलही गेला. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहवत नाही.

तहसीलचे लोक आले, पंचनामा झाला, आणि दिवाळीनंतर मायच्या खात्यात सरकारी मदतीचे ४ लाख जमा झाले. तिथून सगळं सुरू झालं.

मोठे काका म्हणतात, घरातलं कर्तं माणूस गेलं की वर्षाच्या आत शुभकार्य करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. तेव्हा वैशाखात माझं लग्न उरकू, आणि मांडव घालतोच आहोत तर त्यातच बहिणीचंही. जेवण एक, बँड एक, मांडव एक. पैसे आहेतच. काका वाईट नाहीत हो. तेरवीचा सगळा खर्च त्यांनी केला, माय उठत नव्हती तेव्हा काकूंनी महिनाभर आमचं घर चालवलं. म्हणूनच त्यांच्यासमोर माझं तोंड उघडत नाही.

बहीण बारावी सायन्सला आहे. अठरा ऑगस्टमध्ये पूर्ण होतील. मुलगा तेलंगणातल्या आसिफाबादकडचा, स्वतःचा टेम्पो आहे. "तीन-चार महिन्यांनी काय फरक पडतो" असं काका म्हणतात. बहीण काहीच म्हणत नाही. पुस्तक उघडून बसते, पान उलटत नाही.

आता माझं. जिच्याशी माझं लग्न ठरतंय ती मला आवडते, बारावीपासून आवडते. आम्ही एका वर्गात होतो. ती आता नागपूरला जीएनएमच्या (नर्सिंगच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, मी खाली गडचांदूरला सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे. तिची वॉर्डातली ड्यूटी संपली की ती फोन करायची, आणि मी पाळी सुटल्यावर डोंगर चढायच्या आधी, रेंज असते तिथेच थांबून बोलायचो. घरी कुणालाच माहीत नव्हतं. बाबा गेले तेव्हा ती हॉस्टेलवरून एका दिवसासाठी आली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दिवसभर माझ्या बहिणीबरोबर घरामागे बसून आल्यागेल्यांची भांडी घासत होती. संध्याकाळच्या गाडीने गेली. मायनं तेवढ्यावरून ओळखलं. तेरवी झाल्यावर मला म्हणाली, "हीच ना?"

समाज एकच, माझ्या आत्याकडून नातंही बसतं, त्यामुळे तिच्या घरचेही हो म्हणाले. लोकांना पळून जावं लागतं आणि आमचं सगळं सरळ झालं. ज्या दिवशी होकार आला त्या रात्री मला आनंद झाला आणि मग बाबांचा फोटो असलेल्या खोलीत झोपायला जाववेना.

अडचण अशी की वैशाखात लग्न झालं तर तिचं शिक्षण सुटेल. "लग्नानंतर शिकू देऊ" असं सगळे म्हणतात, पण मायला घरात माणूस हवंय, आणि सून घरी आली की हॉस्टेलवर कोण पाठवतं हे मला माहीत आहे. शिवाय माझा मांडव उभा राहिला की बहिणीचाही राहिलाच.

तर कुणी सांगाल का : मायला कसं समजवू? वर्षाच्या आतचं हे खरंच एवढं पक्कं असतं का? त्या ४ लाखांचं काय करावं? सावकार रोज दारात उभा असतो, बाबांनी त्याला कोऱ्या बाँडवर सही दिलेली आहे.

– डोंगरमाथा_२३

---

मिरगाचा_पाऊस

भाऊ, आधी तुमच्या बाबांबद्दल वाईट वाटलं.

पण बहिणीचं आधी बघा, कारण त्याला तारीख आहे. अठरा म्हणजे अठरा, चार महिने कमी चालत नाहीत. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ खाली दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. तो फक्त नवऱ्यामुलाला नाही, लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला, पुढाकार घेऊन हजर राहणाऱ्यालासुद्धा. त्याच मांडवात तुम्ही मुंडावळ्या बांधून बसणार आहात हे लक्षात घ्या. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे तुमचा ग्रामसेवकच, आणि अंगणवाडी सेविका त्याची सहायक. लगेच तक्रार करा असं म्हणत नाही. अंगणवाडीच्या ताईंना नुसतं सांगून ठेवा, त्या एकदा चहाला आल्या तरी बरंच काम होतं. अगदीच गळ्याशी आलं तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन.

पासबुकवाला

बँकेत आहे, म्हणून फक्त पैशाचं बोलतो.

मायच्या खात्यातले पैसे मायचे आहेत. काकांचे नाहीत, तुमचेही नाहीत. निम्म्याहून जास्त रकमेची त्यांच्याच नावाने मुदत ठेव करा, वारस म्हणून तुम्हा दोघांची नावं लावा. ठेवीची पावती हातात असली की "पैसे अडकलेत" हे खरं सांगता येतं. काकांशी भांडायची गरजच पडत नाही.

दुसरं, बाबांचं पासबुक काढा. मे-जूनच्या नोंदींत २० रुपये किंवा ४३६ रुपये कापलेले दिसतात का ते बघा. २० म्हणजे पंतप्रधान सुरक्षा विमा, त्यात अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात आणि वीज पडणं त्यात बसतं. ४३६ म्हणजे पंतप्रधान जीवन ज्योती विमा, त्यातही २ लाख, मृत्यूचं कारण काहीही असो. लोकांना कापलेले पैसे दिसत नाहीत, आणि दावा तर कुणीच करत नाही. उशीर झालाय, पण मृत्यूचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल घेऊन याच आठवड्यात शाखेत जा.

मायसाठी तहसीलमध्ये संजय गांधी निराधारचा अर्ज करता येतो, महिना १५०० रुपये. लाडकी बहीण चालू असेल तर दोन्ही एकदम मिळत नाहीत, हे आधी विचारून घ्या.

काळीशाई

वकिलीची सनद आहे, तरी हा सल्ला धाग्यापुरताच समजा.

बापाचं कर्ज मुलाच्या अंगावर आपोआप येत नाही. बापाच्या मागे जी मालमत्ता राहिली तेवढ्यापुरतंच येणेकरी मागू शकतो. मायला मिळालेली मदत ही बाबांची मालमत्ता नव्हे. त्यामुळे सावकार "ते चार लाख आलेत ना" म्हणत असेल तर त्याला तो हक्क नाही.

तो परवानाधारक आहे का ते विचारा. २०१४च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, सहकार खात्यात. कोऱ्या बाँडची गोष्ट तक्रारीत नक्की लिहा. आणि कृपा करून, दडपणाखाली तुम्ही नव्या कुठल्याही कागदावर सही करू नका, "बाबांच्या नावाचं तुझ्या नावावर करू" हे तर मुळीच नको. कृषी केंद्राची उधारी वेगळी. तिथे पुढच्या हंगामात तोंड दाखवायचंय, तर हप्ते बांधून घ्या.

घाटावरचा

मी पण जिवती तालुक्यातलाच, म्हणून लिहितो. एक योजना कुणीतरी सांगेलच, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघातवाली, २ लाखांची. तिला सातबारा लागतो, आपल्याकडे तिथेच गाडी अडते. वनहक्क कायद्यात जमीन नावावर करायला आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, ताबा दाखवावा लागतो. बाहत्तरला आलेला माणूस तो कुठून दाखवणार? तरी कृषी कार्यालयात विचारून घे, नाही म्हणाले तर लेखी नाही घे.

आणि भाऊ, काकांना तू एकटा सांगू नको. तुझ्या आत्याला मधे घाल. आपल्याकडे आत्याचं ऐकतात.

वाड्यातली_काकू

"वर्षाच्या आत नाहीतर तीन वर्षं" हे आमच्याकडेही म्हणतात, आणि त्या धाकाने झालेली लग्नं मी पुष्कळ पाहिलीत. आमच्या गुरुजींना एकदा स्पष्ट विचारलं होतं. ते म्हणाले, वर्षश्राद्ध झालं की मंगलकार्याला मोकळीक, तीन वर्षांचं लोकांनी लावलेलं आहे. तुमच्या समाजात जे जाणते असतील त्यांच्याकडून हेच वदवून घ्या. मुलाने सांगितलेलं शास्त्र घरात कुणी ऐकत नाही.

माझ्या मते मधला रस्ता म्हणजे वर्षाच्या आत सुपारी फोडा, साखरपुडा करा. शुभकार्य झालं, तोंडं बंद झाली. लग्न तिचं तिसरं वर्ष संपल्यावर.

पासबुकवाला

काकू, मग नोंदणी लग्न का नको? आत्ता कागदावर करायचं, मुलगी हॉस्टेलवरच राहील.

वाड्यातली_काकू

नको. एकदा लग्न झालं की ती सून. सासूला ताप आला की पहिला फोन हॉस्टेलवर जाणार. साखरपुड्याच्या मुलीला बोलवायला लोक अजून बिचकतात.

रिकामी_ओंजळ

सगळे सल्ले छान, पण मला एक विचारायचंय. एवढ्या लांब पोस्टमध्ये मायला काय हवं, काकांना काय हवं, तुला काय वाटतं, सगळं आलं. त्या मुलीला काय हवंय ते कुठे आहे? तिचं शिक्षण तू वाचवतोयस, हे तिला माहीत आहे का?

डोंगरमाथा_२३

तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. तिला माहीत नव्हतं. होकार आल्यावर ती फोनवर एवढंच म्हणाली होती, "करू या, तुझी माय एकटी पडलीय." मी ते तिचं उत्तर धरून चाललो होतो.

काल विचारलं. बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, वॉर्डात मागच्या आठवड्यात तिने पहिल्यांदा एकटीने रात्रपाळी सांभाळली, आणि हे मला सांगायचं होतं पण लग्नाच्या बोलण्यात राहून गेलं. तिला कोर्स पूर्ण करायचाय. फक्त "नाही" म्हटलं तर मायला आपण नको आहोत असं वाटेल, याची तिला भीती होती.

खडूफळा

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. बहिणीबद्दल एक भर. काका खर्चाचं कारण पुढे करतील. २०२४-२५पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे कागद आत्ताच काढायला टाका, निकालानंतर तहसीलला रांग लागते. आणि तिला परीक्षेपर्यंत मैत्रिणीकडे किंवा हॉस्टेलला ठेवता आलं तर बघा. पान उलटत नाही म्हणालात, ते मला जास्त टोचलं.

माय जेवतेय ना नीट? झोप? १४४१६ वर फोन केला तर मराठीत बोलणारा समुपदेशक मिळतो, पैसे लागत नाहीत. तुम्ही स्वतःसाठीही करू शकता.

डोंगरमाथा_२३

सगळ्यांचे आभार. आत्तापर्यंत झालं ते सांगतो.

आत्या आली होती. तिने काकांना सगळ्यांसमोर विचारलं, "पोरीची परीक्षा तरी होऊ देशील का नाही?" काका चिडले, जेवले नाहीत, पण आसिफाबादच्या पाहुण्यांना पावसाळ्यानंतर बघू असा निरोप गेलाय. मोडलेलं नाही, फक्त पुढे गेलंय. अंगणवाडीच्या ताईंना सांगून ठेवलंय.

पासबुकात २० रुपये कापलेले सापडले. दर वर्षी. बाबांनी कधी सांगितलं नव्हतं, कदाचित त्यांनाही माहीत नसेल. दाव्याचा फॉर्म भरून दिला, शाखेत म्हणाले उशीर झालाय, पुढे पाठवून बघतो. २ लाखांची ठेव केली, बाकीचे मायने खात्यातच ठेवलेत. सावकाराला परवाना विचारला, तेव्हापासून आठवडाभर दिसला नाही.

माझ्या लग्नाचं अजून घोंगडं भिजत आहे. साखरपुड्याचं मायला सांगितलं. ती म्हणाली, सून नको असेल तर तसं सांग, आडवळणाने बोलू नको. समजावता आलं नाही. होळीला नागपूरहून ती सुट्टीवर येतेय आणि म्हणतेय मायशी मीच बोलते, तू घरात थांबू नको.

काकू, एक विचारायचं होतं : साखरपुड्याला मुलाकडून साडीशिवाय आणखी काय न्यावं लागतं? बाबा नसताना ताट कोण धरतं, मामा की काका?

वाड्यातली_काकू

काकाच धरतील. त्यांना आजच जाऊन तसं सांगा, चिडले असले तरी. साडी, खण, नारळ, पेढे, आणि अंगठी जमली तर. बाकी यादी व्यनि (खाजगी निरोप) करते.